कोकरू जंतांशी झुंजायला शिकते कसे, आणि तोवर त्याला कसे सांभाळावे

दर महिन्याला कळपाला जंताचे औषध पाजायचे आणि कोकरांच्या पोटात एकही जंत उरू द्यायचा नाही, हा बेत ऐकायला चोख वाटतो. प्रत्यक्षात त्यातून दोन गोष्टी होतात. औषधाला न जुमानणारे जंत वाढतात, आणि कोकरू वर्षाचे झाले तरी जंतांच्या बाबतीत नवखेच राहते. जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती नुसत्या वयाने येत नाही. थोड्या थोड्या अळ्या रोज पोटात जात राहिल्या, तरच ती घडते. बंदिस्त गोठ्यात जंतांशिवाय वाढवलेले जनावर मोठेपणी कुरणावर सोडले, तर तेही लहान कोकरासारखे आजारी पडू शकते. म्हणून पहिल्या वर्षाचे नियोजन करताना विचारायचा प्रश्न हा, की कोकराचे शरीर तयार होईपर्यंत जंतांचा भार त्याला पेलेल इतकाच कसा ठेवायचा.

गाठ कोणाशी आहे

मेंढ्यांच्या पोटात अनेक जातींचे गोलकृमी सापडतात, पण कोकरांना छळणारे मुख्य तीन-चारच. उष्ण आणि दमट हवेत पहिला मान हिमोंकस कॉन्टॉर्टसचा. हा चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलि रक्त घेतो. आकडा किरकोळ दिसतो, पण असे हजार जंत असले तर रोज ५० मिलि रक्त जाते. पंधरा किलोच्या कोकराच्या अंगात एकूण रक्तच लिटरभर असते. त्याच पोटात टेलाडोर्साजिया असतो. तो रक्त पीत नाही, पण पोटातल्या ग्रंथी बिघडवून पचन मोडतो आणि थंड प्रदेशात त्याचाच जोर असतो. लहान आतड्यात ट्रायकोस्ट्राँगायलस आतड्याचे अस्तर झिजवतो, त्यातून हगवण लागते आणि कोकरू खुराटते. थंड हवामानातला निमॅटोडायरस वेगळ्या चालीचा. त्याच्या अळ्या अंड्यातच वाढतात आणि हवा अनुकूल झाली की एकदम बाहेर पडतात.

लेंडीतून अंडी बाहेर पडतात, त्यातून अळी निघते आणि उबदार ओलाव्यात आठवड्याभरात ती संसर्गक्षम होते. मग ती पाण्याच्या पातळ थरातून गवताच्या पात्यावर चढते. कोकराने ते पाते खाल्ले की साधारण तीन आठवड्यांत तिचा अंडी घालणारा जंत होतो. हिमोंकसची एक मादी दिवसाला पाच हजारांहून अधिक अंडी घालते. हे तीन आठवडे लक्षात ठेवा. या काळात लेंडीत अंडी नसतात, पण हिमोंकसच्या वाढत्या अळ्या रक्त पिऊ लागलेल्या असतात. लेंडी तपासणी स्वच्छ आणि कोकरू मात्र पांढरेफटक, हा घोळ बहुधा इथेच होतो.

शरीर कसे शिकते

प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिने, मेंढीच्या वारेतून पिल्लाकडे जात नाहीत. ती मिळतात चिकातून. पण चिकातल्या प्रतिपिंडांचा जंतांविरुद्ध फारसा उपयोग होत नाही. इथे लढाई पोटाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर होते, आणि त्या अस्तराची स्वतःची फौज उभी राहावी लागते.

अळी अस्तरात शिरली की तिथल्या पेशी धोक्याचा संदेश सोडतात. त्यावरून टी-सहाय्यक पेशींचा (प्रतिकाराची सूत्रे हलवणाऱ्या पांढऱ्या पेशी) दुसरा प्रकार जागा होतो आणि इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ ही रसायने तयार होतात. त्यांच्या हुकमावरून तीन कामे सुरू होतात: इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, अस्तरात मास्ट पेशी वाढतात आणि चिकट स्राव करणाऱ्या पेशी भराभर स्राव सोडू लागतात. सोबत दोन जातींची प्रतिपिंडे येतात, आयजीए आणि आयजीई. आयजीए जंताची वाढ रोखते. टेलाडोर्साजियाच्या बाबतीत हे छान दिसते: ज्या कोकराच्या पोटात आयजीए अधिक, त्याच्या पोटातले जंत आखूड, आणि आखूड मादी अंडीही कमी घालते. आयजीई आणि मास्ट पेशी मिळून त्यापुढचे काम करतात. नवी अळी आत येताच मास्ट पेशी फुटतात, स्राव वाहतो, आतडे आकुंचन पावते आणि अळीला बूड टेकायला जागाच मिळत नाही.

या साऱ्याला क्रम असतो. बहुधा आधी नव्या अळ्यांना थारा मिळेनासा होतो, काहींची वाढ मध्येच खुंटते, मग माद्यांची अंडी घटतात आणि जुने प्रौढ जंत सर्वांत शेवटी बाहेर पडतात. अपवाद आहेत. १९२९ मध्ये नॉर्मन स्टोल यांनी हिमोंकस झालेल्या कोकरांमध्ये पाहिले, की औषधाविना अंडी एकदम घटली आणि त्यानंतर नवा संसर्गही फारसा टिकला नाही. याला त्यांनी ‘स्वयंशुद्धी’ या अर्थाचे नाव दिले. ऐकायला मोहक, पण तिच्या भरवशावर कळप सोडू नये. ती कधी होईल आणि कोणत्या कोकरात होईल, याचा नेम नसतो.

लहान कोकरात ही यंत्रणा मंद चालते. त्याच्या अस्तरात मास्ट पेशी आणि इओसिनोफिल कमी जमतात, प्रतिपिंडेही उशिरा वाढतात. १९६० च्या दशकात किरणोत्साराने दुबळ्या केलेल्या हिमोंकसच्या अळ्या लस म्हणून दिल्या गेल्या. मोठ्या मेंढ्यांत त्या लागू पडल्या, सहा महिन्यांखालच्या कोकरांत मात्र संरक्षण मिळाले नाही. व्यवहारात हिशेब असा धरावा: पहिल्या दोन-तीन महिन्यांत स्वतःचा बचाव जवळपास नाही, चार ते सहा महिन्यांत सुरुवात, आणि भरवशाची ताकद वर्षाच्या आसपास. निमॅटोडायरसविरुद्धची प्रतिकारशक्ती त्यामानाने लवकर येते.

आणि ही फौज फुकट पोसली जात नाही. स्राव, प्रतिपिंडे, नवे अस्तर, सगळ्याला प्रथिने लागतात. संसर्ग झालेल्या कोकरांना स्टिरॉइड देऊन प्रतिकार दाबला, तर पोटात जंत जास्त असूनही त्यांचे खाणे आणि वाढ फारशी घटत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे वजनातली घट निव्वळ जंतांमुळे नसते, लढाईच्या खर्चाचाही त्यात वाटा असतो. म्हणून कोकराला स्टिरॉइड द्यावे असा याचा अर्थ मुळीच नाही. अर्थ इतकाच, की शिकण्याच्या काळात त्याचे ताट भरलेले हवे.

पहिले काम: गाभण मेंढी

कोकराच्या जंतांची सुरुवात आईपासून होते. विण्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून ते विल्यानंतर सहा-आठ आठवड्यांपर्यंत मेंढीची प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि तिच्या लेंडीत अंडी एकदम वाढतात. जुळी पाजणाऱ्या आणि हडकलेल्या मेंढ्यांत हे जास्त. कोकरे गवताला तोंड लावू लागतात तेव्हा त्यांच्या वाट्याला नेमक्या याच अळ्या येतात.

यावर आधी औषध नव्हे, आहार. शेवटच्या तीन आठवड्यांत आणि दूध सुरू असताना सोयाबीन किंवा सरकी पेंडीसारखे चांगले प्रथिन दिले, तर अंड्यांची ही लाट बरीच बसते. औषध द्यायचेच, तर अशक्त, पहिलटकरीण आणि जुळेवाल्या मेंढ्यांना. सुदृढ मेंढ्यांना तसेच सोडा. का, ते पुढे येते. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये, गर्भाला अपाय होतो.

पहिले दोन महिने

या काळात जंतांची फार चिंता करण्याचे कारण नसते, कारण दुधावरचे कोकरू गवत थोडेच खाते. चीक वेळेवर पाजा, जागा कोरडी ठेवा. एक सावधगिरी मात्र घ्या. तीन ते आठ आठवड्यांच्या कोकराला हगवण लागली की सरसकट जंताचे औषध पाजले जाते. या वयातली हगवण पुष्कळदा कॉक्सिडियाची असते. तो जंत नव्हे, एकपेशीय जीव आहे आणि जंताच्या औषधाने हलत नाही. लेंडी तपासून घ्या. अपवाद थंड प्रदेशातल्या निमॅटोडायरसचा. तो या वयातही झोडपतो, आणि अंडी दिसण्याआधीच.

दूध तोडल्यानंतरचे तीन-चार महिने

खरी कसोटी इथे लागते. आईचे दूध सुटते, गवतावर भिस्त येते, कळप बदलतो, आणि प्रतिकारशक्ती नुकती अंकुरत असते. हा काळ पावसाळ्याशी जुळला तर धोका दुप्पट.

आधी कुरण बघा. बहुतेक अळ्या गवताच्या खालच्या पाच सेंटिमीटरमध्ये असतात. त्यामुळे गवत बोटभर उरेपर्यंत कोकरे तिथेच ठेवणे म्हणजे त्यांच्या तोंडात अळ्या भरणे. गवत सात-आठ सेंटिमीटरवर आले की कळप हलवा. दव वाळल्यावर कोकरे सोडली तरी फरक पडतो. दमट उष्ण हवेत एका तुकड्यावर तीन-चार दिवसांपेक्षा जास्त मुक्काम नको, म्हणजे आपल्याच लेंडीतून निघालेल्या अळ्या खाण्याआधी कळप पुढे गेलेला असतो. तिथे परतायचे ते पाच-सहा आठवड्यांनी. उष्णतेत अळ्यांची शिदोरी लवकर संपते, कारण त्या काही खाऊ शकत नाहीत, अंगातल्या साठ्यावर जगतात. थंड हवेत मात्र हाच साठा कित्येक महिने पुरतो. तिथे महिन्याभराची विश्रांती पुरेशी समजून फसू नका.

नव्या तुकड्यावर आधी कोकरे, मागून मोठ्या मेंढ्या. गाई असतील तर उत्तमच, मेंढीचे बहुतेक जंत गाईच्या पोटात नीट वाढत नाहीत, त्यामुळे गाय चरताना अळ्या वेचून संपवते.

मग खुराक. दूध तुटलेल्या कोकराच्या खाद्यात १४ ते १६ टक्के प्रथिने असावीत. निव्वळ मका किंवा धान्य वाढवून हे साधत नाही, ऊर्जा मिळते पण प्रथिनांची तूट राहते. मला विचाराल तर या तीन-चार महिन्यांत औषधाच्या एका फेरीचा खर्च वाचवून तो पेंडीवर घालणे कधीही शहाणपणाचे.

डोळा, जबडा आणि लेंडी: पाहणी कशी करावी

हिमोंकस असलेल्या भागात डोळ्याच्या पापणीची तपासणी हे सर्वांत स्वस्त आणि कामाचे साधन आहे. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला फमाचा तक्ता यासाठी वापरतात. त्यात लालभडकपासून पांढऱ्यापर्यंत पाच रंग असतात.

कोकरू उजेडाकडे तोंड करून धरा. सावलीत किंवा बॅटरीच्या प्रकाशात रंग फसवतो. एका हाताच्या अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर झाका आणि बुबुळ हलकेच आत दाबा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढा, आतली त्वचा बाहेर उसळते. तिथला रंग लगेच तक्त्याशी ताडा, कारण पापणी उघडी राहिली की ती लाल होत जाते आणि वाचन चुकते. दोन्ही डोळे बघा, जो फिका तोच धरा. १ आणि २ ठीक. मोठ्या मेंढीत ३ ला थांबता येते, कोकरात थांबू नये, औषध द्या. ४ आणि ५ ला त्याच दिवशी औषध, सावली, पाणी आणि कमीत कमी धावपळ. ५ म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली, निरोगी मेंढीत ते २७ च्या वर असते. असे कोकरू नुसते हाकलत नेले तरी वाटेत कोसळू शकते. पावसाळ्यात ही पाहणी दर दोन आठवड्यांनी, ऐन जोरात दर आठवड्याला.

डोळा फक्त रक्त पिणाऱ्या जंतांबद्दल बोलतो. ट्रायकोस्ट्राँगायलसमध्ये डोळा लाल आणि मागचा भाग हगवणीने बरबटलेला असू शकतो. म्हणून त्याच हातासरशी जबड्याखाली चाचपा, संध्याकाळी तिथे मऊ पाणीदार सूज असली तर रक्तातली प्रथिने खालावली आहेत. पाठीच्या कण्यावर हात फिरवा, शेपटीखाली नजर टाका. आणि वजन करा. दोन आठवड्यांत वजन न वाढलेले कोकरू डोळा कितीही लाल असो, संशयित.

लेंडी तपासणीसाठी दहा-बारा कोकरांची ताजी लेंडी घ्या, शक्यतो प्रत्येकाची वेगळी. पिशवीतली हवा दाबून काढा आणि थंड जागी ठेवा, नाहीतर अंडी वाटेतच फुटतात. मॅकमास्टर पद्धतीत ३ ग्रॅम लेंडी ४२ मिलि संपृक्त मिठाच्या पाण्यात कालवून गाळतात, अंडी वर तरंगतात, आणि काचेच्या दोन कप्प्यांतली मोजून ५० ने गुणतात. ती झाली एका ग्रॅममागची अंडी. एकच जादूचा आकडा नाही. कोकरांची सरासरी पाचशेच्या पुढे जाऊ लागली की सावध व्हावे. हिमोंकस असेल तर आकडा हजारांत जाणे नवल नाही. सरासरीपेक्षा पसारा बघा: एकाच कळपात बहुतेक अंडी थोड्याच कोकरांकडून येतात. त्या थोड्यांना ओळखणे, हाच सगळ्या पाहणीचा फायदा.

औषध: कोणाला, किती, आणि लागू पडले का

लक्षणे दाखवणाऱ्याला द्यायचे, सगळ्यांना नाही. औषध न दिलेल्या जनावरांत औषधाला बळी पडणारे जंत शिल्लक राहतात, आणि त्यांच्याशी मिसळून प्रतिरोधी जंत पातळ होत जातात. सुदृढ मेंढ्यांना तसेच सोडायचे ते याचसाठी. सगळ्या कळपाला औषध पाजून लगेच कोऱ्या कुरणावर सोडणे हा प्रकार तर टाळाच. त्या कुरणावर मग फक्त औषधातून वाचलेल्यांची पिलावळ पसरते.

मात्रा वजनावर. डोळ्याने अंदाज केला की हमखास कमी पडते, आणि कमी मात्रा हेच प्रतिरोधाचे खतपाणी. तराजू नसेल तर गटातल्या सर्वांत जड कोकरावरून मात्रा ठरवा. पण गटात फार तफावत असेल तर दोन गट करा, विशेषतः लेव्हामिसोल देताना, कारण त्याची सुरक्षित मर्यादा अरुंद आहे. पिचकारीतून खरेच तितके मिलि पडते का, हे आधी मापात ओतून पाहा. नळी जिभेच्या मागच्या भागावर ठेवून हळू सोडा. तोंडाच्या पुढच्या भागात सोडलेले औषध पहिल्या पोटाला वळसा घालून पुढे जाऊ शकते आणि त्याचा असर घटतो. डोके फार वर उचलू नका, श्वासनलिकेत जाते. कोणते औषध, हे पशुवैद्यकाला विचारून, आणि मांसाचा वर्ज्य काळ, म्हणजे औषध दिल्यावर मांस खायचे नसते तो काळ, पाळून.

लागू पडले का, हे अंदाजाने ठरवू नका. औषधाच्या दिवशी दहा-पंधरा कोकरांची अंडी मोजा, चौदा दिवसांनी त्याच कोकरांची पुन्हा. आधी ८०० आणि नंतर २० म्हणजे घट ९७.५ टक्के, ठीक. आधी ८०० आणि नंतर १६० म्हणजे ८० टक्के. ९५ टक्क्यांच्या खाली घट आली की त्या गटाच्या औषधाला तुमच्या कळपातले जंत सरावले आहेत. मग त्याच गटातले दुसऱ्या नावाचे औषध आणून उपयोग नाही. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच माळेचे मणी, आयव्हरमेक्टिन आणि लेव्हामिसोल वेगळ्या गटांतले.

सहा महिन्यांनंतर

कुरणावर अळ्या तितक्याच असूनही कळपाची सरासरी अंडी उतरू लागली, तर प्रतिकारशक्ती मूळ धरते आहे. इथून पाहणीचे अंतर वाढवा, औषध आणखी कमी करा. या टप्प्यावर सवयीने दिलेले औषध शिकणे लांबवते. मात्र उपासमार, लांबचा प्रवास किंवा दुसरा आजार आला की मिळवलेली ताकद तात्पुरती उतरते, तेव्हा पुन्हा डोळे तपासायला लागा.

एक विचित्र चित्र इथे दिसते: वर्षाच्या मेंढीला हगवण, पण लेंडीत अंडी जवळपास नाहीत. काही मेंढ्यांच्या आतड्यांत प्रतिकार इतका तडफेने उसळतो, की येणाऱ्या अळ्यांवरच्या त्या प्रतिक्रियेनेच हगवण लागते. जंताचे औषध पुन्हा पुन्हा पाजून हे थांबत नाही. कमी अळ्यांचे कुरण द्यावे, आणि असेच होत राहणारी मेंढी पैदाशीतून काढावी.

हिमोंकसवर लस आहे. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात बार्बरव्हॅक्स नावाने ती वापरात आली, स्कॉटलंडच्या मोरडन संस्थेच्या संशोधनातून ती आली. जंताच्याच आतड्यातील प्रथिने तिच्यात असतात. लस दिलेल्या कोकराचे रक्त जंताने प्यायले की त्यातली प्रतिपिंडे जंताच्या आतड्याला चिकटतात आणि तो उपाशी मरतो. ही प्रथिने नैसर्गिक संसर्गात शरीराला दिसत नाहीत, म्हणून कुरणावरच्या अळ्यांनी ही प्रतिकारशक्ती ताजी होत नाही. कोकराला तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तीन मात्रा आणि पुढे साधारण सहा आठवड्यांनी उजळणी लागते. बाकीच्या जंतांवर तिचा उपयोग नाही.

लांबचा उपाय पैदाशीत आहे. गारोल, रेड मसाई, सेंट क्रॉय अशा मेंढ्या हिमोंकसला चिवटपणे तोंड देतात. पण जात न बदलताही निवड करता येते, कारण अंड्यांच्या संख्येतला साधारण पाव ते एक तृतीयांश फरक आनुवंशिक असतो. न्यूझीलंडमध्ये कोकराच्या लाळेतले आयजीए मोजूनही नर निवडतात. ती सोय नसेल तर पाच ते दहा महिन्यांच्या नरांची लेंडी एकाच दिवशी, एकाच गटात तपासा. त्याआधी सहा-आठ आठवडे त्यांना जंताचे औषध दिलेले नसावे आणि गटाची सरासरी काहीशे तरी असावी. सगळ्यांचेच आकडे शून्याजवळ असतील तर कोण चिवट आणि कोण नशीबवान हे कळत नाही. तेव्हा थांबून महिन्याभराने पुन्हा मोजा.